दुकानातला नग विकला, पडद्यावरचा कधी उतरणार? जावा सर्व्हरवरील वेबसॉकेट आणि त्याची तपासणी

हिमरूची शाल हा गिरणीच्या थानांसारखा माल नव्हे. गोदामात ५० थाने असली आणि वेबसाइटवर ४९ दिसली तर कोणाचे काही बिघडत नाही. पण सुती ताण्यावर रेशमी बाणा हाताने भरलेला, त्याच बुट्टीचा आणि त्याच रंगाचा नग बहुधा एकच असतो. तो गेला की गेला. आपल्या छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातील जे व्यापारी आणि कारागीर बांधव आता दुकानासोबत वेबसाइटवरूनही असा माल विकतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्यांची मुले संगणकाचे काम करतात त्यांनी तो मुलांनाही वाचायला द्यावा.

समजा, सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी शहागंजच्या दुकानात एका गिऱ्हाईकाने शाल पसंत केली, नगद मोजले आणि शाल घेऊन ते गेले. ११ वाजून ११ मिनिटांनी हैदराबादचे एक गृहस्थ मोबाइलवर तीच शाल पाहत आहेत. त्यांनी पान १५ मिनिटांपूर्वी उघडले होते, म्हणून त्यांच्या पडद्यावर अजूनही 'शिल्लक' असेच लिहिलेले आहे. त्यांनी पैसे भरले. आता दुकानदार काय देणार? तो पैसे परत करील, माफी मागील. पण जो माल आपल्या हातात नव्हता त्याचा सौदा झाला, ही गोष्ट उरतेच. हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जवळ नसलेला माल विकण्यास मनाई केली होती, हे आपल्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून हा प्रश्न केवळ संगणकाचा नाही, तिजारतीचाही आहे.

आता हे असे का होते ते पाहू. वेबसाइटचा साधा रिवाज असा की गिऱ्हाईक विचारील तेव्हाच सर्व्हर बोलतो. मोबाइल म्हणतो, 'पान द्या', सर्व्हर पान देतो आणि संभाषण संपते. त्यानंतर दुकानात काय विकले गेले हे आपणहून सांगण्याची सर्व्हरला सोयच नसते. यावर जुना तोडगा म्हणजे मोबाइलने दर दोन सेकंदांनी पुन्हा पुन्हा विचारत राहायचे, 'आहे का? आहे का?' २०० गिऱ्हाईके एकाच वेळी पान उघडून बसली तर सर्व्हरवर सेकंदाला १०० आणि तासाला ३,६०,००० विचारणा होतात, आणि त्यातील बहुतेकांचे उत्तर 'काही बदल नाही' एवढेच असते.

वेबसॉकेटने हा रिवाज बदलला. डिसेंबर २०११ मध्ये आयईटीएफ या संस्थेने आरएफसी ६४५५ या क्रमांकाने त्याचे नियम प्रसिद्ध केले. एकदा दार उघडले की ते उघडेच राहते आणि दोन्ही बाजूंनी वाटेल तेव्हा बोलता येते. सुरुवात नेहमीच्या विचारणेनेच होते. मोबाइल नेहमीसारखे पान मागतो, पण सोबत 'अपग्रेड' अशी विनंती आणि एक यादृच्छिक किल्ली पाठवतो. सर्व्हर त्या किल्लीला नियमात ठरवून दिलेली ३६ अक्षरांची एक खूण जोडतो, त्यावर शा-१ नावाचे गणित करतो आणि २८ अक्षरांचे उत्तर परत देतो. सोबत १०१ हा क्रमांक देतो, म्हणजे 'बोलण्याची पद्धत बदलली'. हे उत्तर बरोबर आले म्हणजे समोरच्याला वेबसॉकेट खरोखर कळते एवढीच खात्री होते. तो कोणी परवलीचा शब्द नव्हे. काही तरुण त्याला सुरक्षेचे कुलूप समजतात, ते तसे नाही. कुलूप हवे असेल तर 'डब्ल्यूएसएस', म्हणजे एचटीटीपीएससारखी सांकेतिक जोडणीच वापरली पाहिजे.

यानंतर जे संदेश जातात त्यांचे ओझे फार हलके असते. सर्व्हरकडून जाणाऱ्या १२५ बाइटपर्यंतच्या संदेशाला वेष्टन म्हणून फक्त २ बाइट लागतात. 'नग क्रमांक ७१ विकला' एवढे सांगायला पूर्ण पान पाठवण्याची गरज राहत नाही. शेअर बाजाराचे भाव मोबाइलवर सारखे हलताना दिसतात तेही असेच. झेरोधा कंपनीच्या काईट कनेक्ट सेवेत चालू भाव वेबसॉकेटवरूनच येतात.

जावाच्या बाबतीत खर्चाची चिंता नको. टॉमकॅट हा सर्व्हर १९९९ मध्ये सन कंपनीने अपाचे संस्थेला दिला आणि तो आजही विनामूल्य मिळतो. जेटीही तसाच. २०१३ मध्ये जावा ईई ७ सोबत वेबसॉकेटची एकसारखी पद्धत ठरली, तिला जेएसआर ३५६ म्हणतात. तिच्यामुळे एका साध्या जावा वर्गावर 'सर्व्हरएंडपॉइंट' अशी खूण केली की ते दार होते, आणि उघडताना, संदेश येताना, बंद होताना व चूक होताना काय करायचे ते चार लहान पद्धतींत लिहायचे. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या साहित्याचे नाव पूर्वी 'जावाएक्स'ने सुरू होई, आता 'जकार्ता'ने सुरू होते. टॉमकॅट ९ ला जुने नाव चालते, टॉमकॅट १० पासून नवे. जुन्या लेखातून उतरवलेला मजकूर नव्या सर्व्हरवर टाकला तर दार दिसतच नाही आणि पोरे दिवसभर डोके खाजवत बसतात.

दार बसवणे हे असे दोन दिवसांचे काम आहे. आमचा खरा मुद्दा त्याच्या तपासणीचा आहे.

प्रेषित (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा वरून कोरडे असलेले धान्य आतून ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विचारले. ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. संगणकाचे काम करून देणारे तरुण बहुधा ढिगाचा कोरडा भाग दाखवतात. एका पडद्यावर बटण दाबले, दुसऱ्या पडद्यावर नग उतरला, वाहवा झाली, पैसे द्या. दुकानदाराने ढिगात हात घालून पाहिले पाहिजे, आणि कोठे घालायचा हे माहीत असले पाहिजे.

पहिली जागा म्हणजे बाहेरचे दार. तपासणी केवळ सर्व्हरच्याच यंत्रावर करून भागत नाही. मोबाइल आणि टॉमकॅट यांच्यामध्ये पुष्कळदा एनजिनएक्स नावाचा दरवान उभा असतो. 'अपग्रेड'ची विनंती तो स्वतः होऊन आत पाठवत नाही, त्याला तसे लिहून सांगावे लागते. म्हणून बाहेरच्या इंटरनेटवरून जोडणी करून १०१ येतो का ते पाहावे. तो आला तरी उठू नये, दोन मिनिटे काही न करता बसावे. या दरवानाला ६० सेकंद आतून काहीच ऐकू आले नाही तर तो, वेगळे सांगितले नसल्यास, जोडणी तोडतो. दाखवण्याच्या वेळी सारखी बटणे दाबली जातात म्हणून हे लक्षात येत नाही, आणि दुपारच्या नमाजच्या वेळी दुकान शांत झाले की सगळ्या जोडण्या तुटतात.

दुसरी जागा सर्वांत महत्त्वाची, आणि आमच्या मते तीच या कामाचा कस आहे. जोडणी रीतसर बंद झाली तर दोन्ही बाजूंना निरोप जातो. पण मध्येच तार तुटली तर निरोप कोण देणार? मोबाइल समजतो दार उघडे आहे, सर्व्हरही तेच समजतो आणि मधला रस्ता मात्र वाहून गेलेला असतो. लिनक्सवर चालणारा सर्व्हर अशा वेळी न पोहोचलेला संदेश पुन्हा पुन्हा पाठवत सुमारे १५ मिनिटे वाट पाहू शकतो. या काळात हैदराबादच्या गृहस्थांच्या पडद्यावर 'शिल्लक' लिहिलेलेच असते. फरक एवढाच की आता त्यांना असे वाटते की ही माहिती क्षणाक्षणाला ताजी होत आहे. म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षा फसगत वाढली. वरून कोरडे, आतून ओले ते हेच.

यावरचा उपाय नियमातच आहे. सर्व्हरने ठरावीक वेळाने 'पिंग' पाठवावा, मोबाइलचा ब्राउझर आपोआप 'पाँग' देतो. दोनदा पाँग आला नाही की सर्व्हरने ते गिऱ्हाईक गेले असे समजून जोडणी सोडावी. पण हे झाले सर्व्हरच्या बाजूचे. ब्राउझरमधील पानाला पिंग आल्याचे कळतच नाही, तो कारभार आतल्या आत होतो. म्हणून सर्व्हरने दर २० सेकंदांनी एक साधा अक्षरी संदेशही पाठवावा, 'दुकान चालू आहे' एवढाच. पानाने घड्याळ लावावे. ४५ सेकंद काहीच आले नाही तर पानावर ठळक लिहावे, 'माहिती ताजी नाही', आणि खरेदीचे बटण बंद करावे. ओला भाग वर ठेवणे म्हणजे हेच. या २० सेकंदांच्या संदेशाने दरवानाची ६० सेकंदांची अडचणही सुटते.

याची तपासणी मोबाइलचे 'विमान' चिन्ह दाबून करू नये. तसे केले की मोबाइलला स्वतःलाच कळते आणि जोडणी लगेच बंद होऊ शकते, परीक्षा सोपी होऊन जाते. मोबाइल वायफायवर ठेवावा आणि वायफायच्या डब्यात बाहेरून येणारी इंटरनेटची तार काढावी. मोबाइलला वायफाय भरपूर दिसत राहील, पण पलीकडे काही नसेल. आता हातात घड्याळ घेऊन मोजावे, ४५ सेकंदांत बटण बंद झाले की नाही. न झाले तर काम परत पाठवावे.

तार परत जोडल्यावर काय होते तेही पाहावे. ब्राउझर तुटलेली वेबसॉकेट जोडणी आपणहून पुन्हा जोडत नाही, ते पानात लिहावे लागते. आणि जोडणी परत आली तरी मधल्या काळात विकलेल्या नगांची बातमी कोण देणार? येथे आपली जुनी पावती-पुस्तकाची पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक संदेशाला चढता क्रमांक द्यावा. पानाला ४० नंतर थेट ४३ दिसला तर दोन पावत्या गहाळ आहेत हे त्याला कळेल आणि ते पूर्ण यादी नव्याने मागवील. पहिल्यांदा जोडतानाही हाच प्रश्न असतो. आधी यादी घेतली आणि मग कान उघडले तर त्या दोहोंमधल्या क्षणाची विक्री हरवते. म्हणून आधी कान उघडावे, मग यादी घ्यावी, आणि यादीपेक्षा जुन्या क्रमांकाच्या बातम्या टाकून द्याव्या. तपासणीसाठी तार काढलेली असताना दुकानातून दोन नग विकावे आणि तार जोडल्यावर दोन्ही उतरतात का ते पाहावे.

तिसरी जागा खतावणीची. वेबसॉकेट ही डवंडी आहे, सौदा नव्हे. डवंडी कितीही जलद असली तरी दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी बटण दाबले तर ती दोघांपर्यंत वेळेवर पोहोचणार नाही. निकाल एकाच ठिकाणी लागला पाहिजे, डेटाबेसमध्ये. तेथे आज्ञा अशी असावी की नग 'शिल्लक' असेल तरच त्याला 'विकला' करा, आणि किती ओळी बदलल्या ते सांगा. एक ओळ बदलली तर सौदा झाला, शून्य बदलल्या तर नम्रपणे नाही म्हणावे. आधी 'आहे का' विचारून नंतर वेगळ्या आज्ञेने 'विकला' लिहिणारा कार्यक्रम स्वीकारू नये, कारण त्या दोहोंमध्ये दुसरे गिऱ्हाईक घुसते. दुकानातल्या काउंटरची विक्रीही याच आज्ञेतून गेली पाहिजे. ती संध्याकाळी रोजमेळातून चढवायची असेल तर वेबसॉकेट बसवून काही उपयोग नाही.

ही परीक्षा हाताने होत नाही, जेयुनिटमध्ये लिहावी लागते. ५० धागे तयार करावे, सर्वांना एका रेषेवर थांबवावे आणि एकदम सोडावे. सर्वांनी एकच नग मागावा. एकाला होकार, ४९ जणांना नकार, हाच निकाल आला पाहिजे. एकदा आला म्हणून समाधान मानू नये, हीच चाचणी शेकडो वेळा चालवावी. अशा चुका दहातून नऊ वेळा लपून राहतात.

चौथी जागा मंद गिऱ्हाईक. सर्व्हर २०० जणांना एकेक करून बातमी सांगत असेल आणि त्यातील एकाचे नेटवर्क अगदी दुबळे असेल, तर टॉमकॅट त्याच्यासाठी, वेगळे ठरवले नसल्यास, २० सेकंदांपर्यंत खोळंबू शकतो. तोवर रांगेतले पुढचे सगळे थांबले. एका माणसासाठी पंगत अडवून ठेवावी तसे हे आहे. प्रत्येक जोडणीची स्वतंत्र, मर्यादित रांग ठेवावी, आणि रांग भरली की ती जोडणी बंद करून त्याला नव्याने पूर्ण यादी घेऊ द्यावी. दुसरेही एक कारण आहे. दोन काउंटरवर एकाच क्षणी विक्री झाली आणि दोन धाग्यांनी एकाच जोडणीत संदेश घातला तर टॉमकॅट 'ही स्थिती चालत नाही' अशी चूक फेकतो. रांग असली की दोन्ही दुखणी जातात. परीक्षेसाठी जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, भाषेतच मिळणारा वेबसॉकेट ग्राहक चांगला आहे. त्याला 'पुढचा संदेश दे' असे सांगितल्याशिवाय तो पुढे वाचत नाही. म्हणून न सांगणारा एक आळशी ग्राहक बनवावा, त्याच्यासोबत दहा चांगले जोडावे आणि हजारो संदेश सोडावे. थोड्या संदेशांत काही दिसणार नाही, कारण मधल्या टाक्या आधी भरतात. दहा जणांना बातम्या वेळेवर मिळत राहिल्या पाहिजेत.

अक्षरांची गोष्ट आमच्या शहरात वेगळी सांगावी लागते, कारण आमच्या मालाची नावे मराठीत, उर्दूत आणि हिंदीत लिहिली जातात. इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, उर्दूच्या अक्षराला २ आणि देवनागरीच्या चिन्हाला ३. 'हिमरू' शब्दात ह, वेलांटी, म, र आणि ऊकार अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. तोच शब्द उर्दूत चार अक्षरांचा, ८ बाइट. वर सांगितलेल्या १२५ बाइटच्या पुढे संदेशाची लांबी लिहिण्याची पद्धत बदलते, आणि ६५,५३५ च्या पुढे पुन्हा बदलते. म्हणून ४१ देवनागरी चिन्हे आणि २ मोकळ्या जागा, म्हणजे नेमके १२५ बाइट, असा एक संदेश पाठवून पाहावा आणि मग त्यात एक चिन्ह वाढवून पाहावा. मोठा संदेश तुकड्यांत आला तर एखादे अक्षर मधोमध कापलेले असू शकते. अर्धे अक्षर पहिल्या तुकड्यात, अर्धे दुसऱ्यात. नियमाप्रमाणे हे चालते, सर्व्हरने तुकडे जोडूनच वाचले पाहिजे. केवळ इंग्रजीत तपासणी करणाऱ्यांना ही खोट कधीच सापडत नाही. टॉमकॅट आणि जेटी यांनी हे काम आतून केलेले आहे. परंतु कोणी हुशार पोराने सर्व्हर शून्यापासून लिहिला असेल, तर त्याला ऑटोबान टेस्टसूट या विनामूल्य साधनावर चढवावे. त्यात ५०० पेक्षा अधिक परीक्षा आहेत, आणि ग्राहकाकडून येणारा प्रत्येक संदेश मुखवटा घालून आला आहे की नाही येथपासून सर्व काही त्यात पाहिले जाते.

परक्या पानाची तपासणीही विसरू नये. वेबसॉकेटच्या बाबतीत ब्राउझर परक्या वेबसाइटला अडवत नाही, जोडणी कोठल्या पानावरून आली एवढे 'ओरिजिन' या नावाने सांगतो. ते पाहून परक्याला नाही म्हणणे हे आपल्या सर्व्हरचे काम. दुसऱ्याच पत्त्यावरून जोडून पाहावे, नकार आला पाहिजे. नाहीतर आपल्या आडत्याने लॉगिन केलेले असताना त्याच्याच नावावर कोणी परका आपले घाऊक दर ऐकत बसेल.

एवढे सारे वाचून ज्या बांधवांच्या वेबसाइटवर दिवसाला दहा-पंधरा माणसे येतात त्यांनी घाबरू नये. त्यांना वेबसॉकेटची गरजच नाही. खतावणीची तिसरी परीक्षा मात्र त्यांनीही घ्यावी. पान दर ३० सेकंदांनी विचारत राहिले तरी त्यांचे भागते. ज्यांचे नग एकेकटे आहेत, दुकान आणि वेबसाइट दोन्ही जोरात आहेत आणि ईदच्या आधीच्या आठवड्यात दोन्हीकडे झुंबड असते, त्यांनीच हा खर्च करावा.

आणि त्या झुंबडीच्या आधी एक शेवटची परीक्षा घ्यावी. रात्री दुकान बंद झाल्यावर सर्व जोडण्या चालू असताना टॉमकॅट बंद करून पुन्हा सुरू करायला सांगावे. सर्व्हरने जाताना १००१, म्हणजे 'मी निघतो आहे', हा क्रमांक सर्वांना पाठवला पाहिजे. नंतर सगळी पाने पुन्हा जोडायला धावतील. सर्वांनी एकाच सेकंदाला धाव घेतली तर नुकताच उठलेला सर्व्हर पुन्हा बसेल. म्हणून प्रत्येक पानाने १ ते १० सेकंदांत कोणतीही एक वेळ चिठ्ठी काढल्यासारखी निवडावी, आणि जमले नाही तर पुढच्या खेपेस दुप्पट थांबावे. सर्व जोडण्या परत यायला किती वेळ लागला तो वहीत लिहून ठेवावा. सर्व्हरच्या कार्यक्रमात पुढे काहीही बदल झाला की ही परीक्षा पुन्हा घेऊन तो आकडा ताडून पाहावा.